जुन्या सिंथचे स्लायडर खरखरतात, अडकतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई, चौदा एप्रिल आणि गणपती जवळ आले की ऑर्केस्ट्रावाल्यांचे फोन सुरू होतात. सिंथ, म्हणजे सिंथेसायझर कीबोर्ड, वर्षभर पेटीत असतो आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री व्हॉल्यूमचा स्लायडर कोकलायला लागतो. त्या फोनांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी क्रमांक १ आणि २ वाचा, पुढची बरीच उत्तरं त्यांवर उभी आहेत.

१. स्लायडरच्या आत असतं तरी काय?

वरून दिसते ती टोपी आणि तिच्याखालची दांडी. दांडी पत्र्याच्या लांबट डबीत शिरते आणि आतल्या प्लास्टिकच्या छोट्या गाड्यावर बसते. गाड्याच्या पोटाला पातळ धातूची, स्प्रिंगसारखी लवणारी बोटं असतात, त्यांना वायपर म्हणतात. ही बोटं दोन पट्ट्यांवर घासत जातात. एक पट्टी काळी, कार्बनची. दुसरी चांदीच्या रंगाची, सिग्नल बाहेर नेणारी. गाडा मात्र पट्टीच्या नव्हे, डबीच्या कडांच्या आधारानं सरकतो आणि त्या कडांना कारखान्यातच जाडसर ग्रीस लावलेलं असतं. नवा स्लायडर बोटाखाली उलुसा जड आणि एकसारखा सरकतो तो या ग्रीसमुळं.

२. माझा स्लायडर खरखरतो, मित्राचा अडकतो. औषध एकच ना?

नाही, आणि निम्मे स्लायडर याच गैरसमजापायी वाया जातात. खरखर हे पट्टीचं दुखणं आहे: धूळ, काळपटलेली चांदीची पट्टी किंवा झिजलेला कार्बन. अडकणं हे कडांचं दुखणं आहे: तीस-चाळीस वर्षांत ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं असतं. अडकणाऱ्या स्लायडरवर वरून स्प्रे मारला की ते ग्रीस अर्धवट विरघळतं, ओघळत पट्टीवर येतं आणि तिथली धूळ पकडून चिखल करतं. मग जो नुसता अडकत होता तो खरखरायलाही लागतो. दोन्ही तक्रारी एकदम असतील तर न उघडता भागत नाही (क्रमांक ११).

३. आमच्या डीएक्स७ मध्ये खरखर येत नाही, पण डेटा स्लायडर सोडला तरी आकडा नाचतो. हे वेगळं आहे का?

रोग तोच, लक्षण वेगळं. यामाहाच्या डीएक्स७ मध्ये, म्हणजे १९८३ च्या वाद्यात, डेटा स्लायडरवरचं व्होल्टेज मोजून त्याचा आकडा केला जातो. पट्टी घाण असली की मोजणी डळमळते आणि पडद्यावरचा आकडा वरखाली होतो. रोलँडच्या १९८४ च्या ज्युनो-१०६ मध्येही पॅनेलवरचे बहुतेक स्लायडर असेच वाचले जातात. त्यामुळं फिल्टरचा (सुराचा उजळपणा कमी-जास्त करणारा) घाण स्लायडर खरखरत नाही, आवाज टप्प्याटप्प्यानं उडी मारतो. रोलँडच्याच १९८२ च्या एसएच-१०१ ला आवाज साठवायची मेमरीच नाही, स्लायडर थेट सर्किटमध्ये आहेत, तिथे घाण कानाला लगेच कळते.

ज्युनो-१०६ वाल्यांना एक फायदा आहे. मागे मिडी (वाद्यं एकमेकांना आणि संगणकाला जोडायची पद्धत) फंक्शनचा तीन जागांचा स्विच असतो, तो तिसऱ्या जागी ठेवला की प्रत्येक स्लायडरची हालचाल मिडीतून बाहेर जाते. लॅपटॉपवर मिडी मॉनिटर (येणारे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि एकेक स्लायडर हळू सरकवा. आकडे ओळीनं आले तर तो निरोगी. उड्या मारत आले तर त्याच्यावर खडूनं खूण करून ठेवा.

४. घाण आहे की झीज, न उघडता कसं ओळखायचं?

वीज बंद करून स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा भराभर फिरवा, मग वाजवून बघा. खरखर कमी झाली असेल तर बहुधा घाण. दर वेळी नेमक्या त्याच जागी आवाज तुटत असेल तर झीज. झीज हमखास तिथेच असते जिथे वादकाचा हात सगळ्यात जास्त राहतो, म्हणून फिल्टर आणि व्हॉल्यूम आधी जातात.

पक्कं कळायला मल्टीमीटर लागतो, तोही जमल्यास काट्याचा. डिजिटल मीटर आकडा दाखवेपर्यंत तुटलेली जागा निघून जाते, काटा मात्र तिथे झटका खातो. स्लायडर बोर्डावर असताना शेजारचे भागही मोजमापात येतात, त्यामुळं ओहमच्या आकड्यावर जाऊ नका, काटा सलग चालतो का एवढंच बघा.

५. डब्ल्यूडी-४० मारू का? गॅरेजवाल्यानं मोकळा करून दिला होता.

मारू नका. पाणी हटवायला आणि गंज रोखायला १९५३ साली बनवलेली ती चीज आहे, कार्बनच्या पट्टीसाठी नव्हे. पहिल्या दिवशी स्लायडर मस्त सरकतो. मग मागं राहिलेल्या तेलावर फुफाटा बसायला लागतो, आणि मार्च ते जून आपल्याकडे फुफाट्याला तोटा नाही. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळ्या डब्यात मिळतो, तो उडून जाणारा आहे, त्याच्याशी गल्लत नको.

शिलाई मशीनच्या तेलाचंही तेच. खोबरेल तेल विचारणारेही आहेत. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात परभणीच्या एखाद्या रात्रीच्या कार्यक्रमात स्लायडर जागच्या जागी थिजला तर वाद्याला दोष देऊ नका.

६. मग नेमकं काय आणायचं आणि कुठून?

धुण्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात नुसतं आयपीए म्हणतात. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि बहुतेकांत ग्लिसरीन असतं. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातात. एसएच-१०१ चं अख्खं अंगच प्लास्टिकचं आहे, हे लक्षात असू द्या. रॉकेल तेलकट थर सोडतं.

पट्टीसाठी फेडर ल्युब्रिकंट (फेडर म्हणजे स्लायडरच). केगचा डीऑक्सिट फेडर एफ५ यासाठीच आहे. त्याच कंपनीचा डी५ धातूच्या कॉन्टॅक्टसाठी, म्हणजे जॅक आणि स्विचसाठी. दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतो, म्हणून डब्यावरची अक्षरं वाचून घ्या.

कडांसाठी प्लास्टिकला न खाणारं डॅम्पिंग ग्रीस, म्हणजे सरकणं जडसर आणि एकसारखं ठेवणारं. न्योजेल ७६७ए हे जुन्या पॉटसाठी (फिरणाऱ्या नॉबचे किंवा सरकणाऱ्या स्लायडरचे आतले भाग) वापरलं जाणारं नावाजलेलं ग्रीस आहे. ते नाही मिळालं तर पीटीएफई (टेफलॉन) असलेलं सिंथेटिक ग्रीस चालतं, हाताला थोडं हलकं लागतं इतकंच.

संभाजीनगर, जालना, बीडकडच्यांना पुण्याची पासोड्या विठोबाची गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नांदेड-लातूरकडच्यांनी कोठीच्या गुजराती गल्लीत जावं, हैदराबाद जवळ पडतं आणि सुटे स्लायडरही बघायला मिळतात.

७. न उघडता साफ करायची रीत सांगा.

फक्त खरखर असेल आणि सरकणं ठीक असेल तरच. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आधी मऊ ब्रश आणि व्हॅक्युम क्लीनरनं खाचेवरची सुटी धूळ ओढून घ्या. वाद्य जरा तिरपं ठेवा. सिरिंजनं किंवा स्प्रेच्या बारीक नळीनं आयपीएचे दोन-चार थेंब खाचेत सोडा आणि दांडी टोकापासून टोकापर्यंत भरपूर फिरवा. पूर आणायचा नाही. जास्तीचं आयपीए कडांचं ग्रीस धुवून पट्टीवर आणतं, म्हणजे पुन्हा क्रमांक २ मधला चिखल.

पूर्ण वाळू द्या. मग फेडर ल्युब्रिकंटचा एक बारीक फवारा आणि पुन्हा फिरवणं. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. कोरड्या पट्टीवर धातूची बोटं घासत राहिली की साफ केलेलाच स्लायडर लवकर झिजतो.

आयपीए पेट घेतं. जवळ तापलेली सोल्डरिंग गन नको, विडी नको, आणि वास जाईपर्यंत प्लग लावू नका.

८. पंक्चरवाल्याकडच्या हवेनं धूळ उडवली तर?

त्या हवेत टाकीतलं पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल येतं, आणि दाब इतका की वरची धूळ खाचेतून आत जाते. धूळ ओढायची असते, ढकलायची नसते.

९. मिरवणुकीत गुलाल गेला. पुसायला गेलो तर सगळीकडे रंग झाला.

गुलाल असो, जयंतीची नीळ असो की माळेगावच्या खंडोबाचा भंडारा, पहिला नियम एकच: ओलं काही लावायचं नाही. कोरड्या भुकटीत आयपीए पडलं की ती पातळ लगदा होऊन डबीच्या तळाशी बसते आणि वाळली की खरवडावी लागते.

वाद्य उलटं धरून हळू टिचक्या मारा. मग ब्रशनं भुकटी खाचेकडे नव्हे, खाचेपासून दूर झाडत व्हॅक्युमनं ओढा. स्लायडर तोपर्यंत हलवू नका, भुकटी बोटांखाली दळली जाते. आता हळूच सरकवा. कचकच लागली तर भुकटी आत पोचली आहे, मग क्रमांक ११. नुसता टोप्यांना आणि पॅनेलला रंग लागला असेल तर कोरड्या मऊ कापडानं पुसा. पॅनेलवरची छापील अक्षरं आयपीएनं चोळण्याआधी कोपऱ्यात बघून घ्या.

पुढच्या मिरवणुकीत गाडीवर वाद्य उघडं असेल तर पारदर्शक प्लास्टिक टाकून त्याखालून वाजवा. दिसायला बरं दिसत नाही, पण वाद्य वाचतं.

१०. चहा सांडला. आयपीए ओतलं तरी चिकटतंच.

कारण साखर आयपीएमध्ये जवळपास विरघळतच नाही. ती पाण्यात विरघळते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा. स्लायडर सुटा करून आधी त्या पाण्यानं धुवा, मग आयपीएनं, म्हणजे पाणी निघून जाईल. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीवर पांढरा थर येतो तो पट्टीवरही येईल. कोल्ड्रिंकलाही हाच उपाय. सांडल्या सांडल्या पहिलं काम मात्र प्लग काढणं.

११. पूर्ण उघडून साफ कसा करायचा?

सोल्डरिंगचा हात असेल तरच. नसेल तर भंगारातल्या जुन्या टेपच्या इक्वलायझरवर आधी हात बसवा.

उघडण्याआधी मेमरीतले आवाज बाहेर साठवून घ्या, कारण डीएक्स७ आणि ज्युनो-१०६ दोन्हींत मेमरी बॅटरीवर जगते आणि चुकून शॉर्ट झालं तर सगळं पुसलं जातं. मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढा. टोप्या काढा (क्रमांक १२), पॅनेल सोडवा, स्लायडरचा बोर्ड बाहेर घ्या. प्रत्येक स्लायडरला विजेच्या पायांखेरीज डबी घट्ट धरणारे जाड पाय असतात. डी-सोल्डर पंपानं आधी बारीक पाय मोकळे करा, जाड पाय शेवटी. ओढायचं नाही. पाय मोकळा असेल तर स्लायडर स्वतःच्या वजनानं हलतो. जोर लावला तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टा सोलून येतो आणि काम तिप्पट होतं.

आता डबी. पत्र्याच्या चार किंवा अधिक जिभा वळवून तिनं तळाची पट्टी धरलेली असते. जिभा जेमतेम सरळ होतील इतक्याच उचला, कारण त्या दोन-तीन वेळा वाकल्या की तुटतात. काही स्लायडरमध्ये गाड्याखाली बारीक स्प्रिंग किंवा गोळी असते. पांढऱ्या ताटात उघडा, म्हणजे उडालेली दिसेल.

तळाची पट्टी निघाली की कार्बन दिसतो. त्यावर दोन फिकट चाकोऱ्या असतात, बोटं फिरून पडलेल्या. चाकोरी नुसती चकचकीत असेल तर ठीक. तिच्यातून खालचा तपकिरी बोर्ड दिसत असेल तर तो स्लायडर संपला. आयपीएत भिजवलेला कापसाचा बोळा पट्टीच्या लांबीनं, दाब न देता फिरवा. काळं थोडं येणारच, सारखंच येत राहिलं तर थांबा, कार्बन निघतोय. चांदीची पट्टी काळपटलेली असेल तर साधं खोडरबर एक-दोनदा हलकं फिरवा. कार्बनवर खोडरबर कदापि नाही.

डबी आणि गाडा आयपीएत बुडवून जुनं ग्रीस दातकोरणीनं कोपऱ्याकोपऱ्यातून काढा. बोटं बोळ्यानं पुसा. ती सपाट झाली असतील तर टाचणीच्या टोकानं केसभर उचलता येतात, त्याहून जास्त उचलली तर तीच कार्बन खरवडतील. चाकोरी खोल असेल पण तुटलेली नसेल तर बोटं किंचित बाजूला सरकवून कोऱ्या कार्बनवर आणता येतात. हे नाजूक काम आहे, पण ज्या स्लायडरला जोडी मिळत नाही तो असाच वाचतो.

१२. टोपी निघतच नाही. पक्कड लावू?

पक्कड नको, चाळीस वर्षांचं प्लास्टिक काचेसारखं फुटतं. सुती दोरीचा फास टोपीखाली दोन्ही बाजूंनी घाला आणि सरळ वर ओढा, पिळू नका. दांडी वाकली तर ती पॅनेलच्या खाचेला घासते आणि मग वाटतं की ग्रीस वाळलंय. परत बसवताना टोपी ढिली लागली तर नळाच्या पांढऱ्या टेफलॉन टेपचा एक पदर दांडीला द्या. फेविक्विक लावलेली टोपी पुढच्या मेकॅनिकला शिव्या द्यायला लावते.

१३. ग्रीस किती आणि कुठे? व्हॅसलीन चालेल का?

कडांवर, गाडा जिथे टेकतो तिथेच, दातकोरणीच्या टोकावर मावेल इतकं. पट्टीवर डॅम्पिंग ग्रीस अजिबात नाही, तिथे फेडर ल्युब्रिकंटचा नुसता ओलसर थर. व्हॅसलीन साधारण ४० ते ६० अंशांत पातळ होतं. मे महिन्यात बंद टेम्पोत पेटी तापली की ते ओघळून पट्टीवर येणार. सिलिकॉन ग्रीसही टाळा, ते पसरत जाऊन कॉन्टॅक्टवर थर धरतं.

१४. साफ केल्यापासून इतका ढिला झालाय की हात लागला की पळतो.

कडांचं ग्रीस धुतलं गेलंय. बिघाड नाही, पण स्टेजवर त्रास आहे, वाद्य तिरपं लावलं तर दांडी आपोआप खाली येते. उघडून क्रमांक १३ प्रमाणे डॅम्पिंग ग्रीस लावा. वरून टाकलेलं ग्रीस कडांपर्यंत जात नाही.

१५. सगळं केलं, स्लायडर चकाचक आहे, तरी खरखर तशीच.

मग दोष स्लायडरचा नसेल. तीन गोष्टी बघा.

स्लायडर न हलवता त्याच्या शेजारी पॅनेलवर बोटानं दाबा. खरखर आली तर सोल्डरचा जोड तडकलाय. स्लायडरवर वर्षानुवर्षं हात आपटून हे होतं. जोड नव्यानं सोल्डर केला की संपलं.

ज्यातून आवाजाचा सिग्नल जातो तो व्हॉल्यूम स्लायडर पूर्ण लांबीभर सारखाच खरखरत असेल तर त्याच्या आधीचा कपॅसिटर गळत असू शकतो. कपॅसिटरनं डीसी अडवायचा असतो. तो पट्टीवर पोचला की नवाकोरा स्लायडरही खरखरतो. वाद्य चालू ठेवून स्लायडरच्या टोकांत डीसी व्होल्टेज मोजलं की कळतं. हे काम जाणकाराकडेच द्या, आत २३० व्होल्ट असतात. जपानहून आलेलं वाद्य १०० व्होल्टचं असतं, ते तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावूच नका.

तिसरं खास ज्युनो-१०६ चं. त्यात सहा आवाजांना ८००१७ए नावाचे सहा चिप आहेत. त्यांच्यावरचा राळेचा थर वय झालं की वीज गळू देतो. स्लायडरला हात न लावताही दर सहावा सूर चरचरत किंवा रेंगाळत असेल तर ते चिप बघा.

१६. झिजलाच असेल तर नवा कुठला घेऊ?

डबीवरचा शिक्का वाचा, उदाहरणार्थ ५०केबी. ५०के म्हणजे ५० किलोओहम. जपानी वाद्यांत बी म्हणजे सरळ चढ, ए म्हणजे आवाजासाठीचा वक्र चढ. जुन्या अमेरिकी-युरोपी मालात ही अक्षरं उलटी असू शकतात, म्हणून मधोमध ठेवून मीटर लावा: दोन्हीकडे निम्मं-निम्मं आलं तर सरळ. त्याखेरीज सरकण्याची लांबी, दांडीची उंची-जाडी, पायांची जागा आणि सिंगल की डबल (एकाच डबीत एक पॉट की दोन) हे जुळायला हवं. खरी अडचण ओहमची नसते, पायांची असते.

क्रमांक ३ मधल्यासारखा नुसता वाचला जाणारा सरळ चढाचा स्लायडर असेल तर ओहम थोडे वेगळे असले तरी बहुधा चालतं, कारण तिथे प्रमाण मोजलं जातं. थेट सर्किटमधल्याला ही सूट नाही.

जोडी मिळेपर्यंत अदलाबदल करा. त्याच वाद्यात त्याच आकड्याचा, कधी हात न लागणारा स्लायडर असतोच. एलएफओ डिलेचा (सुराचं कंपन उशिरा सुरू करणारा) काढून फिल्टरला लावा, झिजलेला तिकडे.

१७. हीच रीत सगळ्या सरकणाऱ्या गोष्टींना चालते?

नाही. हॅमंड टोनव्हील ऑर्गनच्या ड्रॉबारमध्ये (आवाज घडवायला ओढायच्या दांड्यांमध्ये) कार्बन पट्टी नसते, धातूचे कॉन्टॅक्ट धातूच्या पट्ट्यांवर सरकतात. डिजिटल मिक्सरच्या मोटर फेडरला (मोटरनं आपोआप सरकणाऱ्या स्लायडरला) डॅम्पिंग ग्रीस लावलं तर मोटर ओढू शकत नाही. मधोमध टक लागणाऱ्या स्लायडरची ती खाच पुसताना तिथलं स्प्रिंग सोडवू नका.

रोलँडच्या डी-७०, जेव्ही-८०, एक्सपी-८० मधून लाल चिकट पदार्थ गळतो तो स्लायडरचा नव्हेच. वाजवायच्या पट्ट्यांखालच्या वजनांचा गोंद वय झालं की मऊ होऊन गळतो. तो दिसला तर स्लायडर राहू द्या, आधी कीबेड (वाजवायच्या पट्ट्यांचा सांगाडा) सोडवा.

१८. एसटीच्या पार्सलनं पाठवायचं तर स्लायडरचं काय करू?

सगळे खाली, एकाच टोकाला आणा. टोप्या काढून वेगळ्या पुडीत बांधा आणि पुडी पेटीच्या आत चिकटवा, खिशात ठेवलेली एक तरी हरवतेच. पॅनेलवर थेट फोम दाबू नका, दांड्या वाकतात. दोन्ही कडांना जाड पुठ्ठ्याचे ठोकळे लावून त्यांवर फोम ठेवा. कुठला स्लायडर कुठल्या जागी तुटतो ते चिठ्ठीवर लिहून आत टाका. "आवाज येतो" एवढंच लिहू नका.